जे वाढतंय

“मग आता झगा कुठल्या रंगाचा?” क्लेमेन्सियानं विचारलं, आणि ओर्तेन्सियाच्या हातातली पावांची पिशवी एकदम जड झाली. गुरुवारची सकाळ होती. बेकरीत भट्टीची ऊब होती, बडीशेपेचा वास होता, आणि रांगेतल्या चार बायका कान टवकारून कपाटातल्या पावांकडे बघत होत्या. “कुठला झगा?” तिनं विचारलं, पण विचारतानाच तिला कळून चुकलं होतं. ज्याच्या रंगाची कुणी चौकशी करावी असा एकच झगा, लग्नाचा, सध्या तिच्या शिवणाच्या दुकानात टांगलेला होता. “कर भोळेपणाचं सोंग,” क्लेमेन्सिया म्हणाली. ती चर्चच्या महिला मंडळाची चिटणीस. तिच्या आवाजात कायम मायेचा ओलावा असायचा आणि त्या ओलाव्यात समोरचं माणूस हळूहळू मऊ पडायचं. “पांढरा आता चालणार नाही ना. चर्चचं वडीलमंडळ त्या दोघांना वेदीसमोर उभंच करणार नाही. पाळकसाहेबांच्या खोलीत सही, चार माणसं, संपलं. बिचारी एउनिसे, तिची एकुलती एक लेक गं! मी खोदून विचारत नाहीये, बहिणी. मी तसली नाही. फक्त किती महिने झाले तेवढं सांग, म्हणजे नेमकी प्रार्थना करता येईल.”

नेमकी प्रार्थना. हे शब्द ओर्तेन्सियानं स्वतः किती वेळा वापरले होते, याचा हिशेब तिनं कधी केला नव्हता. कुणाचा नवरा घरी येत नाही, कुणाचा मुलगा सरहद्दीवर पकडला गेला, कुणाच्या पोटात दुखतं ते नेमकं कुठं. प्रार्थनेला तपशील लागतो असं सगळ्या धरून चालायच्या, जसा काही देव पत्ता चुकणाऱ्या पोस्टमनसारखा दारोदार हिंडतोय. “मला काही माहीत नाही” असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं, कारण ते खोटं झालं असतं. “मला बोलता येणार नाही” हे म्हणावं तर ते त्याहून वाईट, कारण त्यातून क्लेमेन्सियाला हवं ते सगळं मिळालं असतं. ती नुसतीच बाहेर पडली. मागून क्लेमेन्सिया बेकरीवाल्याला म्हणाली, “बघितलंस? चेहरा पांढराफटक पडला.” शेला शहराच्या त्या उतरत्या दगडी गल्लीत थंडीनं श्वास दिसत होता, आणि ओर्तेन्सिया स्वतःचा श्वास बघत चालली होती. काल संध्याकाळी याच तोंडातून ते वाक्य बाहेर पडलं होतं. बुधवारची उपासना, पाळक ओब्दुलिओंनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाच्या मुक्या विनंत्या? मुकी विनंती म्हणजे फक्त हात वर करायचा, काय आहे ते सांगायचं नाही, बाकीचं देव जाणतो. हात वर करून गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण ती उभी राहिली. सदतीस वर्षं ती या चर्चमध्ये होती, आवाज खणखणीत, म्हणून ध्वनिक्षेपक आपसूक तिच्या हातात आला. आणि ती म्हणाली, “माझ्या दुकानात आलेल्या एका बहिणीसाठी मुकी विनंती. तिच्या देहात जे वाढतंय, त्यात प्रभूची इच्छा पूर्ण होवो.” सगळी डोकी तिच्याकडे वळली होती. तिला आठवलं, आणि आठवताना गल्लीत उभ्या उभ्या लाज वाटली, की त्या क्षणी तिला बरं वाटलं होतं. सगळ्यांना हवं असलेलं काहीतरी आपल्यापाशी आहे, आणि आपण ते देत नाही आहोत, याचं बरं वाटलं होतं.

नाव घेतलं नव्हतं. नाव घ्यायची गरजच काय होती? दुकानात आलेली बहीण म्हणजे कोण, तर जिचा झगा काचेमागे टांगलाय ती. देहात वाढणारं म्हणजे काय, हे बायकांना कुणी शिकवावं लागत नाही.

सोमवारी एउनिसेची लेक दामारिस मापं द्यायला आली होती. चोवीस वर्षांची पोर, बालवाडीची मास्तरीण, बोटांना कायम रंगीत खडूचे डाग. लग्नाला तीन आठवडे राहिले होते. ओर्तेन्सियानं तिला स्टुलावर उभं केलं, टेप गळ्यात, तोंडात टाचण्या, आणि डाव्या बाजूचा मुंढा आत घ्यायला बोटं काखेत सरकवली तेव्हा तिथं काहीतरी कठीण लागलं. वाटाण्याहून मोठं, जागचं न हलणारं. बोटं थांबली. ओर्तेन्सियाची बोटं चाळीस वर्षं माणसांच्या अंगाला लागत आली होती. कोण दोन महिन्यांत बारीक झालं, कुणाचा एक खांदा उतरला, कुणाच्या दंडावर बाहीखाली बोटांचे वळ आहेत, हे त्यांना तोंडाच्या आधी कळायचं. दामारिस आरशातून तिच्याकडे बघत होती. “मला माहितीय, दोन्या तेन्चा,” ती म्हणाली. दोन्या म्हणजे बाई, आणि तेन्चा हे ओर्तेन्सियाचं घरगुती नाव, अख्खी गल्ली त्याच नावानं हाक मारायची. “दोन महिने झाले. राजधानीला गाठीचा तुकडा तपासायला पाठवलाय, पुढच्या सोमवारी रिपोर्ट येईल. आईला सांगू नका. लिदियामावशी यानंच गेली, आईनं अकरा महिने तिची शी-शू काढली. आमिलकारला मी सांगेन, रिपोर्ट हातात आल्यावर, माझ्या तोंडानं. मग त्याला लग्न करायचं तर करू दे, नाहीतर नको. पण त्यानं कीव म्हणून केलेलं नकोय मला. फक्त तुम्हाला कळलंय.” ओर्तेन्सियानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. म्हणाली, देवाशिवाय कुणाला नाही सांगणार. तेव्हा ती पोर वळली, आणि फार हळू आवाजात म्हणाली, “प्रार्थनेतसुद्धा नाही, दोन्या तेन्चा. आमच्यात प्रार्थनेतूनच सगळं बाहेर येतं.” आणि दोघी हसल्या होत्या. ते हसणं आता ओर्तेन्सियाला खुपत होतं.

दुपारी तिनं दुकान बंद केलं आणि बालवाडीवर गेली. ज्याचं त्याला आधी सांगावं, बाकी जगाला नंतर, हे तिला रविवारच्या शाळेत शिकवलं होतं. तिनं स्वतःही ते तीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. अंगणात पोरं ओरडत होती. दामारिस फाटकाशी आली आणि तिचा चेहरा बघूनच कळलं की तिला कळलंय.

“तुम्ही माझं नाव घेतलंत?”

“नाही गं. देवाशपथ नाही.”

“मग काय म्हणालात? शब्द सांगा. जसेच्या तसे.”

ओर्तेन्सियानं सांगितले. जसेच्या तसे. दामारिस एकदाच हसली, नाकातून. “जे वाढतंय! वा. आई सकाळपासून स्वयंपाकघरात बसून आहे, बोलत नाही. आमिलकारला त्या क्लेमेन्सियाच्या दिरानं अभिनंदन म्हटलं. त्यानं मला फोन केला, काय म्हणाला ठाऊक आहे? ‘मी तर तुला हात लावला नाही, दामारिस.’ एवढंच. आणि फोन ठेवला.” तिनं फाटकाची कडी घट्ट धरली होती. “शनिवारी तीन वाजता बोलावलंय. वडीलमंडळापुढं. आता मी काय सांगू, सांगा ना? पोर नाहीये म्हटलं तर विचारतील, मग काय वाढतंय? ते सांगितलं तर आईला सगळ्यांदेखत कळणार. गप्प बसले तर पोर आहे.”

“मी येते शनिवारी. मी सांगते—”

“तुम्ही काहीही सांगू नका.” आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “तुम्ही केलंत तेवढं पुरे झालं.” आणि आत एक पोरगं रडायला लागलं तशी ती पाठ फिरवून गेली.

त्या दिवशी आणि शुक्रवारी मशीन चालत राहिलं, पण टाके वाकडे पडत होते आणि ती उसवत होती आणि पुन्हा घालत होती. याच मशीनवर तिचे वडील बसायचे. साऱ्या शेलात त्यांच्यासारखी कॉलर कुणाला जमायची नाही. ती वीस वर्षांची होती, बाप्तिस्मा घेऊन वर्षही झालं नव्हतं, बापालाही तिनंच चर्चला नेलं होतं, आणि एके दिवशी मशीनच्या ड्रॉवरमध्ये दोऱ्यांच्या रिळांमागे तिला बाटली सापडली. तिनं आरडाओरडा केला नाही. तेव्हाच्या पाळकांच्या बायकोला हळूच सांगितलं, रडत, विश्वासानं. तिचा हात हातात घेऊन ती बाई म्हणाली होती, आपण प्रार्थना करू. आणि रविवारी खरोखरच प्रार्थना झाली. चर्चच्या छपरावर तेव्हा मोठा कर्णा होता, तोंड रस्त्याकडे, म्हणजे अख्ख्या वस्तीला तारणाची बातमी पोचावी. त्या कर्ण्यातून वडिलांचं नाव घेतलं गेलं, व्यसनाचं नाव घेतलं गेलं. वडील तेव्हा दुकानात एका गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप घेत होते. तिनं दारातून पाहिलं. ते थांबले नाहीत. गिऱ्हाइकाला म्हणाले, “मान वर करा,” आणि माप वहीत लिहिलं. तिला त्यांनी कधी एका शब्दानं विचारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून बाटली ड्रॉवरमध्ये नसायची. मशीनवर उघडी असायची, कात्रीशेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं म्हणून त्यांनी लपवणं सोडलं, आणि चार वर्षांत ते गेले. हे सगळं तिला माहीत होतं. सगळ्या वस्तीत हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि तरी बुधवारी ध्वनिक्षेपक तिनंच हातात घेतला होता. ती मशीनवर डोकं टेकून रडली. मग उठून तोंड धुतलं, कारण दाराची घंटा वाजली.

एउनिसे आली होती. दामारिसची आई, एरवी ताठ चालणारी, आज शालीत इतकी आकसलेली की ओर्तेन्सियानं मनातल्या मनात तिचं खांद्याचं माप दोन बोटं कमी केलं. ती बसली नाही. काचेमागच्या झग्याकडे बघत राहिली. “किती महिने?” तिनं विचारलं. “मी तिची आई आहे, तेन्चा. मला सांगायला हवं तू. मला. ती तोंड उघडत नाही. आमिलकार बायबलवर हात ठेवून सांगतो, त्यानं तिला शिवलेलं नाही. मग कुणाचं गं? काल मी तिला मारलं. चोवीस वर्षांच्या पोरीच्या थोबाडीत मारली. तिनं रडावं तरी, तर तेही नाही.” आणि ओर्तेन्सियाला वाटलं, आता सांगावं. एक वाक्य. पोर नाही एउनिसे, गाठ आहे. आईच आहे ही, परकी नाही. तिच्या मनावरचा हा घाणेरडा दगड तरी निघेल. त्याच्या जागी दुसरा येईल, पण तो लाजेचा नसेल. ही दया नव्हे तर काय? सांगण्याची ऊर्मी घशापर्यंत आली, आणि तिला भीती वाटली ती या गोष्टीची की ऊर्मी अगदी बुधवारसारखीच होती, तीच गोडी, फक्त आज तिनं दयेचे कपडे घातले होते. तिला कळेना की खरं प्रेम आणि बोलायची हौस यांना आतून वेगळं कसं ओळखायचं. बोटांना ते ओळखता आलं असतं कदाचित. “एउनिसे,” ती शेवटी म्हणाली, “मी बुधवारी जे बोलले ते बोलायला नको होतं. तो माझा दोष. यापुढं मी एक शब्द बोलणार नाही. तुलाही नाही. तू मला शिव्या दे.” एउनिसेनं शिव्या दिल्या नाहीत. झग्याच्या घेराला बोट लावलं, मागे घेतलं, आणि गेली. रस्त्यापलीकडे क्लेमेन्सिया भाजीची टोपली घेऊन उभी होती, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

शनिवारी तीनला पाच मिनिटं असताना ओर्तेन्सिया चर्चच्या मागच्या खोलीच्या दाराशी पोचली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. आत पाळक ओब्दुलिओ, वडीलमंडळातले दोघे, कागद-पेन घेतलेली क्लेमेन्सिया. भिंतीला टेकून आमिलकार, हात खिशात, कुणाकडेच न बघणारा. शुक्रवारीच त्याला उपासनेत ढोल वाजवायला बसू नको म्हणून सांगितलं होतं. मधल्या खुर्चीत दामारिस, शेजारी एउनिसे, दोघींमध्ये वीतभर अंतर. ओर्तेन्सियाची नजर आधी ध्वनिक्षेपकाकडे गेली. तो बंद होता, वायर गुंडाळलेली. दामारिसनं तिच्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली: नको. रात्रभर ओर्तेन्सियानं वाक्यं जुळवली होती आणि एकही टिकलं नव्हतं. पोर नाही, असं म्हणावं तर पुढच्या प्रश्नाला दार उघडं राहत होतं. मला माहीत नाही म्हणावं तर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. बुधवारचे शब्द परत घेता येत नव्हते. ते आता सगळ्यांचे झाले होते.

“बहीण तेन्चा,” पाळक म्हणाले. म्हातारा वाईट नव्हता, थकलेला होता. “ही खासगी बैठक आहे.”

“बैठक माझ्यामुळं आहे,” ती म्हणाली. “मी बुधवारी बोलले त्यामुळं. तर ते कुणाबद्दल होतं हे मला विचारा की.”

“तू म्हणालीस, दुकानात आलेली बहीण,” क्लेमेन्सिया म्हणाली, पेन वर करून.

“रोज सकाळी आठ वाजता माझ्या दुकानात कोण येतं, क्लेमेन्सिया? कुलूप कोण उघडतं?” तिला तिचा आवाज लांबून ऐकू येत होता. “ती बहीण मी. सरळ माझं नाव घ्यायला धीर झाला नाही. तुम्ही सगळ्यांनी त्या पोरीचं घेतलंत.”

खोटं होतं ते. धडधडीत, पाळकांसमोर, बायबल टेबलावर असताना. त्याचा जाब तिला द्यावा लागणार होता आणि तो ती देणार होती, पण या खोलीत नाही. आमिलकारनं खिशातून हात काढले. तो दामारिसकडे बघायला लागला, आणि त्याचा चेहरा असा काही पडला की ओर्तेन्सियानं तिकडून नजर काढून घेतली. “अगं बाई,” क्लेमेन्सिया म्हणाली, आणि तिच्या आवाजातला ओलावा पहिल्यांदाच खरा वाटला. “अगं, आणि मी बेकरीत... म्हणून तुझा चेहरा तसा झाला! आम्हाला सांगायचं नाही का? मी आजपासून सूप घेऊन येते.” ओर्तेन्सियाला कळलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या शेलात ती मरायला टेकलेली असणार. गिऱ्हाइकं हळू आवाजात बोलणार. कपडे परत नेणार. तिनं मान डोलावली.

“कुठं आहे, बहिणी?” पाळकांनी विचारलं, उठून उभे राहत. “म्हणजे नेमकी प्रार्थना करता येईल.”

याचा तिनं विचारच केला नव्हता. कुठं? पोट म्हणावं, गळा म्हणावं, काहीही. पण तिच्या बोटांना एकच जागा माहीत होती. डावा हात आपोआप वर गेला आणि उजव्या हाताची बोटं काखेत जाऊन थांबली, नेमकी तिथं, मुंढ्याच्या शिवणीखाली. समोर दामारिसचा श्वास अडकला. आणि एउनिसे उठली. “लिदिया,” ती म्हणाली. “माझ्या लिदियाला तिथंच होती.” प्रार्थनेच्या वेळी बाईच्या अंगावर बाईनंच हात ठेवायचा, ही तिथली रीत. पाळकांनी एउनिसेला खूण केली. ती आली, आणि काल दुकानात शिव्याही न देणाऱ्या त्या बाईनं आपला गरम, कष्टानं खरखरीत झालेला हात ओर्तेन्सियाच्या काखेत ठेवला. बाकीच्यांनी भोवती कडं केलं. दामारिस ओर्तेन्सियाच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली, आईच्या समोर. डोळे मिटले गेले आणि सगळे एकदम, मोठ्यानं, आपापल्या शब्दांत प्रार्थना करायला लागले, नेहमीसारखे, पत्रे दणाणतील असे.

ओर्तेन्सियाला मात्र डोळे मिटता आले नाहीत. तिच्या अंगात काहीच नव्हतं आणि सगळे तिथं देवाला बोलावत होते. चोरून घेतलेल्या वस्तूसारखं ते सगळं तिच्या हातात येऊन पडत होतं, आणि ते कुणाचं आहे हे तिला माहीत होतं. कानाशी एउनिसेचा आवाज होता. “प्रभू, त्या वेळी मी तुझ्याशी भांडले. अकरा महिने भांडले. या वेळी भांडणार नाही. मी धुवेन, मी भरवेन, मी रात्री बसेन, मला फक्त सांग. न सांगता नेऊ नकोस. लपवून ठेवू नकोस माझ्यापासून.” बाईला वाटत होतं ती तेन्चाबद्दल बोलतेय. समोर दामारिसनं डोळे उघडले. ती आईकडे बघत होती, मार खाल्लेल्या गालावर पाणी वाहत होतं, आणि ती ऐकत होती. मग तिनं हात पुढं केला. ओर्तेन्सियाच्या काखेतला आईचा हात मनगटाला धरून काढला, हळूच, कापडातून टाचणी काढावी तसा, आणि स्वेटर वर करून आपल्या काखेत नेऊन ठेवला.

एउनिसेचा आवाज मध्येच तुटला. बाकीचे ओरडतच होते, त्यांना काही कळलं नव्हतं. एउनिसेची बोटं थांबली, जशी सोमवारी ओर्तेन्सियाची थांबली होती, आणि मग तिच्या पापण्या हलायला लागल्या.

ओर्तेन्सियानं आपले डोळे घट्ट मिटून घेतले.